स्वस्तातल्या सात गाठी

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. टेम्पोवाल्याने लेथ उतरवताना एवढी आरडाओरड केली की सगळ्या गल्लीला कळलं, कोणीतरी नवीन आलं. बरंच झालं, दारोदार जाऊन ओळख सांगायचं काम वाचलं.

खोल्या दोन. पुढची मोठी, रस्त्याकडे रुंद दार आणि एक खिडकी. मागची लहान, तिच्यात खाट, स्टोव्ह आणि भिंतीतलं कपाट. इथे आधी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जमिनीवर तेलाचे डाग आहेत आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं 'उद्या या' तसंच आहे. मी ते पुसणार नाही. कुठल्याही कारागिराच्या भिंतीवर शोभेल.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. पाणी कधी येतं, जिन्याची कोणती पायरी हलते, दूधवाला किती पाणी घालतो, सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं. मला काही विचारलं नाही. कपाळाकडे बघितलं आणि चहा पुढे केला.

लेथ खिडकीखाली लावलं. हे यंत्र ह्यांनी स्वतः जुळवलेलं. हे डावखुरे, म्हणून त्याचं तोंड उजवीकडे. मी उजव्या हाताची बाई त्याच्यावरच काम शिकले, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही लेथवर मला काही येत नाही. उलट्या नवऱ्याची उलटी बायको, असं हे चारचौघांत सांगायचे.

हे जाऊन चौदा महिने झाले. रोजनिशी लिहायची ही पहिलीच वेळ. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदावर, आणि मग वाचनालयात. पुस्तकातली माणसं नव्या गावी गेली की रोजनिशी लिहितात, म्हटलं आपणही लिहून बघावं. बोलायला कोणी नसलं की वही बरी.

५ नोव्हेंबर

इथे का आले ते लिहून ठेवते.

हे कातारी. लाकूड लेथवर फिरवून त्याचे वाडगे, डबे, खेळणी कातायचे. पॉलिश माझ्याकडे. सव्वीस वर्षं आमचं असं चाललं. ह्यांचा जीव मात्र गाठीवर. कधी कधी झाडाच्या खोडावर आवाळू आल्यासारखा फुगवटा येतो, त्याला गाठ म्हणतात. झाडाला कुठे जखम झाली की ते तिच्याभोवती वेडंवाकडं वाढत राहतं. बाहेरून दिसायला ओंगळ, आणि कातलं की आत अशी नक्षी की बघतच राहावं. आमच्याकडे चांगली गाठ म्हणजे चांदीचा भाव. हे दुकानात जायचे, गाठीवरून हात फिरवायचे आणि परत यायचे. दुकानदार चिडवायचा, अहो हात लावून लावून झिजवाल.

एकात एक बसणारे सात वाडगे, सगळे गाठीचे, असा ह्यांचा बेत होता. वहीत मापंसुद्धा काढली होती. तेवढ्यात ह्यांच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टरने तो शब्द उच्चारला आणि हे हसले. म्हणाले, बघ, फुकटात मिळाली.

या गावात गाठी सरपणाच्या भावाने मिळतात असं एका कारागिराने सांगितलं. तीन महिन्यांसाठी खोल्या घेतल्या आहेत. सात वाडगे करायचे आणि घरी जायचं.

६ नोव्हेंबर

आज वखारीत गेले. वखारवाला साठीचा, जाड चष्म्याचा, करवतीच्या आवाजाने कान गेलेला. मी म्हटलं, गाठी घ्यायला आले आहे.

त्याने विचारलं, "कुणाची गाठ घ्यायची आहे?"

मला वाटलं, कुठल्या झाडाची असं विचारतोय. म्हटलं, "कुणाचीही चालेल. स्वस्त असली म्हणजे झालं."

त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं, कुणाचीही? नक्की? मी म्हटलं, हो हो. बहिऱ्याला दोनदा सांगावं लागतं, त्यात काय.

पुढच्या फळीवर पाचसहा सुंदर गाठी होत्या, दोरीने चिठ्ठ्या बांधलेल्या. त्या द्यायच्या नाहीत म्हणाला, त्यांची माणसं येणार आहेत. मला मागे नेलं आणि गोणपाट उचललं. खाली सात गाठी. बरोबर सात! लहानमोठ्या, आमच्या मापाच्या. मी भाव पाडायला तोंड उघडलं तर त्याने आधीच माझ्या मनातल्यापेक्षा कमी सांगितला. असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. म्हणाला, यांना कोणी विचारायलाच आलं नाही, घेऊन जा बाई.

हातगाडीवरून आणल्या. ओल टिकावी म्हणून सगळ्यांना मेण लावून कपाटात ठेवल्या. संध्याकाळभर उगाच गुणगुणत होते. ह्यांना सांगायला हवं होतं.

९ नोव्हेंबर

पहिली गाठ कातली. सगळ्यात लहान.

गाठ आधी हळू फिरवावी लागते, तिचा तोल कुठे आहे ते कळत नाही. साल उडाली, मग ओल्या लाकडाच्या ढलप्या खांद्यावरून मागे पडायला लागल्या. वास मात्र लाकडाचा नव्हता. फिनेलचा आणि उकळलेल्या चादरींचा. पोटात एक जुना चर लागला, चाकूने काढल्यासारखा. भोवती झाड वाढत गेलेलं. चार वाजता यंत्र थांबवलं आणि वाडगा हातात घेतला. त्यावरचे डोळे, म्हणजे गाठीतली ती गोल गोल नक्षी, एकेक मोजावेत असे.

मान वर केली तर स्टुलावर एक माणूस बसला होता. दार उघडंच होतं. हडकलेला, ढगळ पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, केस पाण्याने चापून बसवलेले. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "काय आणलंस?"

शेजारपाजारचा कोणी डोक्याने अधू असावा असं वाटलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून गप्पा मारल्या. त्याने लेथकडे बोट केलं, तेव्हा ते असं उलटं का, ह्यांनी ते कसं जुळवलं, मला कसं शिकवलं, सगळं सांगितलं. तहानलेल्याने पाणी प्यावं तसा ऐकत होता. पाच वाजता उठला, नमस्कार केला आणि गेला.

बरं वाटलं. चौदा महिन्यांत ह्यांच्याविषयी एवढं कोणाशी बोलले नव्हते.

१३ नोव्हेंबर

आज हात थोडक्यात वाचला. पटाशी लावली आणि ती उलटी उसळली. खिडकीची काच गेली. हे यंत्र कुठल्या शहाण्याने जुळवलंय कोण जाणे, तोंड भलतीकडेच. एवढी वर्षं मी याच्यावर काम कसं करत होते? उद्या मिस्त्रीला बोलावून सरळ करून घेते.

दुसरी गाठ तरीही पुरी केली. हळूहळू, उभं राहण्याची जागा शोधत शोधत. हिच्याही पोटात चर.

चार वाजता एक बाई आली. लांब वेणी, पायांत कापडी चपला. मला ताई म्हणाली. तोंडाशी ओढणी धरून खोकायची आणि मग लाजायची. तिनेही तेच विचारलं, ताई, काय आणलं. या गावात पाहुण्याने असं विचारायची पद्धत असेल. मी तिला आमची पहिली गाठ कशी पडली ते सांगितलं. ती इतकी हसली की खोकला लागला.

काय सांगितलं ते लिहावं म्हणून बसले, पण आठवत नाही. दमले असेन.

१७ नोव्हेंबर

तिसरा वाडगा. आजचे पाहुणे म्हातारे होते, मला सूनबाई म्हणाले. गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. मी त्यांना बरंच काही सांगितलं असणार, कारण पाच वाजले तेव्हा घसा कोरडा पडला होता.

चार वाजायची मी वाट बघायला लागले आहे. खोटं कशाला लिहू.

यंत्र अजून सरळ झालेलं नाही. मिस्त्रीनेही भिंतीवरचं 'उद्या या' वाचलेलं दिसतंय.

१९ नोव्हेंबर

धाकट्या बहिणीचा फोन आला. काम कसं चाललंय, हवा कशी आहे. मी यंत्राची तक्रार केली, मिस्त्रीकडून सरळ करून घेणार आहे म्हटलं. ती म्हणाली, ताई, भाऊजी डावखुरे होते ना.

मी म्हटलं, होते का?

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग आमचं लग्न कसं जमलं, ते पहिल्यांदा आमच्याकडे कशाला आले होते, ते ती आठवून आठवून सांगायला लागली. मी हं हं करत राहिले. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकत असल्यासारखं वाटलं. फोन ठेवताना तिने विचारलं, तू जेवतेस ना नीट?

ही वही पहिल्या पानापासून वाचली. चार तारखेला मी लिहिलंय, 'हे डावखुरे'. अक्षर माझंच आहे. उलट्या नवऱ्याची उलटी बायको. चांगला विनोद आहे. मी कधी ऐकलेला नाही.

आणि वर मी 'ते' लिहिलं आहे. ते आमच्याकडे आले होते. नवऱ्याला मी कधी ते म्हटलं नाही. बाई आपल्या नवऱ्याला 'हे' म्हणते, तो खोलीत असो की परगावी. खोडून 'हे' केलं. पुन्हा वाचलं तर 'हे'च चुकल्यासारखं वाटलं.

२० नोव्हेंबर

वर जाऊन नर्सबाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. गाठी कुठून आणल्या एवढंच विचारलं.

उतारावर क्षयाचा दवाखाना होता. नर्सबाईंची सगळी नोकरी तिथेच गेली. लांब व्हरांडा, ओळीने खाटा, समोर झाडं. भेटायची वेळ चार ते पाच. साडेतीनपासून सगळे केस विंचरून बसायचे. ज्यांची माणसं आली ती आली. ज्यांची आली नाहीत ते पहिले काही महिने फाटकाकडे बघत बसायचे. पुढे पुढे चार वाजले की उठून झाडांकडे जायचे, आपल्यालाही काही काम आहे असं दाखवायला. चमच्याच्या दांड्याने, चाकूने सालीवर खूण करायचे. रोज त्याच जागी. माणूस मेला, खूण राहिली. तिच्याभोवती झाड वाढत गेलं. आता दवाखाना पाडला, झाडं तोडली. काहींचे नातेवाईक इतक्या वर्षांनी आले आणि त्यांची गाठ घेऊन गेले. जो गाठ घेतो त्याला ते एकदा भेटतात. आपलं माणूस घटकाभर त्यांच्याशी बोलतं, आणि ते सुटतात.

मी तर कुणाचीही चालेल म्हणाले होते.

नर्सबाई म्हणाल्या, त्यांना खाऊ नको असतो, फुलं नको असतात. आपल्या माणसाची आठवण लागते. दिली की ती त्यांची होते, आपल्याकडे राहत नाही. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, व्हरांड्यात मी बसायचे ना त्यांच्याजवळ. माझं माहेर कुठल्या गावचं, ते मला सांगता येत नाही.

एकच उपाय, त्यांनी सांगितलं. चारला दार लावून घ्यायचं. पाच वाजले की ते जातात. पण मग पुन्हा कुठेच येत नाहीत, कुणाकडेच. नर्सबाईंना ते कधी जमलं नाही.

त्यांना न सांगितलेलं एक इथे लिहिते. आमच्या हॉस्पिटलातही भेटायची वेळ चारचीच होती. त्या दिवशी एका वाडग्यावर तेलाचा हात सुकायचा होता. मी साडेचारला पोचले. सव्वाचारला सगळं संपलं होतं. वॉर्डातली बाई म्हणाली, सारखे दाराकडे बघत होते.

हे अजून माझ्याजवळ आहे. हे कोणी मागितलं नाही.

२१ नोव्हेंबर

उरलेल्या चार गाठी वखारीत परत दिल्या. वखारवाल्याने उतरवून घेतल्या. वाईट वाटलं म्हणाला, दोनदा विचारलं होतं बाई. मग म्हणाला, लाकूड परत घेतो, पण घेतलेली गाठ परत कशी घेणार? ओल गेली की त्या आपोआप तडकतील, आणि तडकली की तिचं माणूस येणारच. कातल्या काय, न कातल्या काय.

मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, मेण उतरलंय, हवा कोरडी आहे. दिवसाआड एक.

२२ नोव्हेंबर

चौथं माणूस, एक बाई. माझ्याच वयाची. मला वहिनी म्हणाली.

मी युक्ती केली. वाचनालयातून पुस्तक आणलं होतं, त्यातली एक गोष्ट सांगितली. नवरा, बायको, समुद्रावरचं घर. जीव ओतून सांगितली, जणू माझीच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी हळू म्हणाली, "हे तुझं नाही."

रागावली नाही. हात मांडीवर तसेच पसरलेले. मला बघवेना. काहीतरी दिलं.

आता ह्यांचा आवाज आठवत नाही. हे काय गुणगुणायचे तेही. चहात साखर किती घ्यायचे? एक? दोन?

२४ नोव्हेंबर

बॅग भरली. साडेतीनच्या बसने बहिणीकडे जायचं ठरवलं. बस आली नाही. चार वाजले.

बाकावर शेजारी एक माणूस येऊन बसला. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. म्हणाला, मावशी, मला वाटलं तू आजपण येणार नाहीस.

परत आले. बॅगेतला फोटो काढून बघितला. एक चष्मेवाले गृहस्थ, चेहरा सज्जन. मागे माझ्या अक्षरात लग्नाची तारीख.

बघत बसले. कोणीच नाही. सज्जन माणूस, एवढंच.

२५ नोव्हेंबर

उरलेलं मोजलं. सकाळभर डोळे मिटून मोजत होते. आधी किती होतं कोणास ठाऊक. आता दोनच आहे. एक, मी साडेचारला पोचले ते. आणि दुसरं, त्याच्या आदल्या दिवसाचं.

माणसं अजून दोन यायची आहेत.

उद्या दार लावणार.

२६ नोव्हेंबर

दार लावलं. कडी, वरची खिट्टी, पुढे लेथची पेटी. खिडकीच्या फुटलेल्या काचेला पुठ्ठा.

चार. पावलं. तरुण असावा. कडी वाजवली नाही, दाराला हात लावून उभा राहिला. म्हणाला, आई.

आम्हाला मूल नव्हतं. हे आठवतं. की कुणी सांगितलं?

म्हणाला, आई, काही आणलं नसलंस तरी चालेल. नुसती ये.

मी तोंडात पदर कोंबून बसले. तो खोकला. नंतर बराच वेळ सालीवर काहीतरी खरवडावं तसा आवाज. दारावर. त्याच त्या जागी.

पाच. गेला.

२७ नोव्हेंबर

वखारवाल्याने बोलावून दाखवलं. सहावी गाठ. एक तडा सोडला तर बाहेरून अख्खी. त्याने बोट लावलं आणि ती बसली — आत नुसता भुसा, करडा, राखेसारखा. गोणीत भरता भरता म्हणाला, गेला बिचारा. आता कुणाचाच नाही.

मग सातवी दाखवली. सगळ्यात मोठी. एका बाजूने तडा गेलाय. आत खुणाच खुणा, शेकडो, एकावर एक. हा फार वर्षं होता म्हणाला. बायको येणार होती त्याची. रोज सगळ्यांना सांगायचा, आज येईल. गाडी चुकली असेल.

माझ्या दारावर बोट आत जाईल एवढा चर पडलाय. मी हात फिरवला. बोटात कुसळ गेलं. ते काढलं नाही.

२८ नोव्हेंबर, दुपार

नर्सबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, आज मी बसते तुमच्याजवळ, दार लावून घेऊ, एकच राहिलाय. एक तास दातांवर दात रोवून काढा ताई, मग तुमचं ते तुमच्याजवळ राहील जन्मभर. त्यांना वर पाठवलं.

एकच तास. मला समजतंय. दार लावलं की माझं उरलेलं उरतं — आणि तो भुसा होतो.

कोण होता तो तरुण? त्याच्यासाठी कोणी रडलं तरी का? काल सगळा दिवस मी रडले, पण मी त्याची कोण?

आणि हा कुणाचा तरी नवरा. केस विंचरून बसला असेल आत्ता. दाराकडे बघत.

मी एकदा साडेचारला पोचले आहे. पुन्हा नाही.

पेटी सरकवली. खिट्टी काढली. दार उघडं टाकलं.

पावणेचार

बहिणीसाठी लिहून ठेवते. वहीत राहील. माझ्यात राहायचं नाही, ते माहीत आहे. तू मला नंतर वाचून दाखव. मी हं हं करेन. रागावू नकोस.

पहिलं वरच आहे, वीस तारखेला. दुसरं लिहायचं आहे.

पाय वाजताहेत. लवकर आला. नाही — चार वाजलेत.

बसला. स्टुलावर नाही, खाली, लेथला टेकून. हातात टोपी आहे. माझ्याकडे बघून हसतोय, किती साधं हसतोय. गाडी चुकली होती का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

म्हणाला, "अगं, काय आणलंस?"

सांगते म्हटलं. लिहिते आणि सांगते. तो वहीकडे बघतोय.

आदल्या दिवशी. हॉस्पिटल. खिडकीत ऊन होतं. ह्यांना खायची बंदी होती, तरी शेजारच्या खाटेवरून एक संत्रं मागून घेतलं. सोलायला लागले. अंगात ताकद नव्हती, पण हात — साल एकाच लांब पट्टीत निघत होती, न तुटता, ढलपीसारखी. मी म्हटलं, तुटेल. म्हणाले, तुटत नाही, बघ. सगळी निघाली. मग माझा हात घेतला. कुठला हात? हात घेतला, ती साल मनगटाभोवती बांगडीसारखी गुंडाळली, दोनदा, आणि टोक आत खोचलं. संत्र्याचा वास. अजून येतोय. बोटं गार होती. माझ्याकडे बघितलं — डोळे — आणि हसून म्हणाले, आता ही सुकेपर्यंत तू